सिलोसो किल्ला

सिलोसो किल्ला : सिंगापूर प्रजासत्ताकातील ब्रिटिशकालीन तटवर्ती किल्ला व युद्धसंग्रहालय. सिंगापूरच्या दक्षिण किनाऱ्यालगत असलेल्या सेंटोसा बेटाच्या पश्चिम टोकावरील टेकडीवर तो वसलेला आहे. सिंगापूर बंदराच्या पश्चिम प्रवेशमार्गाचे रक्षण करण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थकात तो बांधण्यात आला. दुसऱ्या महायुद्धात, फेब्रुवारी १९४२ मध्ये, त्याच्या तोफांनी समुद्राऐवजी जमिनीच्या दिशेने मारा केला. १९७४–७५ मध्ये त्याचे संग्रहालयात रूपांतर झाले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये, सिंगापूरच्या पतनाला ८० वर्षे पूर्ण होत असताना, त्याला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा देण्यात आला. सिंगापूरच्या तोफा चुकीच्या दिशेला तोंड करून होत्या, म्हणून ते पडले, ही समजूत जगभर रूढ आहे. तिची पारख करण्याचे साधन या दृष्टीने या किल्ल्याला विशेष महत्त्व आहे.

स्थान व स्वरूप : सेंटोसा व सिंगापूरचे मुख्य बेट यांच्यामधील अरुंद, खोल व वाऱ्यापासून सुरक्षित अशा जलपट्ट्यात केपेल हे बंदर आहे. पूर्वी त्यास ‘नवे बंदर’ म्हणत. १९०० मध्ये त्याचे नाव बदलण्यात आले. या बंदराच्या पश्चिम मुखाशी एका बाजूस सिलोसोची टेकडी, तर समोरच्या मुख्य बेटावर लॅब्राडोर तोफमोर्चा आहे. या दोन्हींच्या माऱ्याच्या टप्प्यातून गेल्याशिवाय कोणत्याही जहाजास पश्चिमेकडून बंदरात शिरता येत नसे.

सिंधुदुर्ग किंवा जंजिरा यांसारख्या कोकणातील जलदुर्गांची कल्पना डोळ्यांसमोर ठेवून सिलोसोकडे पाहिल्यास निराशा होण्याचा संभव आहे. येथे उंच तट, बुरूज वा महाद्वार नाही. आखीव नळीच्या तोफा व स्फोटक गोळे प्रचारात आल्यानंतर उंच दगडी तट हे शत्रूच्या नेमबाजीचे सोपे लक्ष्य ठरू लागले. त्यामुळे या काळातील किल्ले जमिनीत दडविण्याकडे अभियंत्यांचा कल होता. सिलोसो येथे टेकडीचा माथा सुरुंग लावून सपाट करण्यात आला व त्यावर तोफांचे चौथरे बांधण्यात आले. दारूगोळ्याची कोठारे, ये-जा करण्याची भुयारे आणि जवानांच्या आश्रयाच्या खोल्या जमिनीखाली ठेवण्यात आल्या. समुद्रावरून पाहणाऱ्यास झाडीने आच्छादलेल्या टेकडीपलीकडे फारसे काही दिसू नये, हाच या रचनेचा हेतू होता.

बेटाचे जुने मलायी नाव ‘पुलाउ ब्लाकांग माती’ असे होते. ‘मरणाच्या पाठीमागचे बेट’ असा त्याचा शब्दशः अर्थ होतो. या नावाच्या उगमाविषयी चाचेगिरी, साथीचे रोग इत्यादींशी निगडित अनेक आख्यायिका आहेत. बेटाचे पर्यटनस्थळ करण्याचे ठरल्यावर हे नाव टाकून ‘सेंटोसा’ हे नाव स्वीकारण्यात आले. मलायी भाषेत त्याचा अर्थ शांतता व स्वस्थता असा असून ते संस्कृत ‘संतोष’ या शब्दापासून आलेले आहे.

उभारणीची पार्श्वभूमी : ईस्ट इंडिया कंपनीने १८१९ मध्ये सिंगापूर येथे वखार स्थापन केली. १८२६ मध्ये पिनांग, मलाक्का व सिंगापूर यांची मिळून सामुद्रधुनी वसाहत झाली. १८६७ मध्ये लंडनच्या वसाहत खात्याकडे थेट हस्तांतरित होईपर्यंत या वसाहतीचा कारभार हिंदुस्थानातील कंपनी सरकार व त्यानंतर ब्रिटिश हिंदुस्थान सरकार यांच्याकडे होता. ब्लाकांग माती बेटावर तोफा बसवाव्यात, अशी सूचना १८४० नंतरच्या दशकातच लष्करी अभियंत्यांनी केली होती. परंतु खर्चाच्या भीतीने ती मागे पडली.

१८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर परिस्थिती पालटली. यूरोप व चीन यांमधील वाफेच्या जहाजांचा मार्ग मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जाऊ लागला आणि कोळसा भरण्याचे ठिकाण म्हणून सिंगापूरचे महत्त्व एकाएकी वाढले. बंदरातील कोळशाचे साठे व गोद्या हेच आता संरक्षणाचे मुख्य विषय बनले. रशिया व तुर्कस्तान यांच्यातील १८७७–७८ च्या युद्धामुळे ब्रिटन व रशिया यांचे संबंध ताणले गेले आणि रशियन युद्धनौका पूर्वेकडील ब्रिटिश बंदरांवर अचानक छापा घालतील, अशी धास्ती निर्माण झाली. या वातावरणात, १८७८ मध्ये, हेन्री मॅकलम या अभियंत्याने सिंगापूरच्या तोफमोर्च्यांचा आराखडा तयार केला आणि सिलोसोसह ब्लाकांग मातीवरील किल्ल्यांच्या कामास चालना मिळाली. पुढील काही वर्षांत बेटाच्या मध्यभागी सेरापोंग व पूर्वेकडे कॅनॉट हे किल्ले उभे राहिले.

सिलोसोवर आरंभी १७·८ सेंमी. (७ इंची) व्यासाच्या आणि ६४ पौंडी गोळा फेकणाऱ्या, तोंडाकडून ठासावयाच्या आखीव तोफा होत्या. पुढे त्यांची जागा मागून ठासावयाच्या अधिक वेगवान तोफांनी घेतली. १८९० नंतरच्या काळात भुयारांचा विस्तार झाला, रात्रीच्या टेहळणीसाठी प्रखर शोधदीप बसविण्यात आले आणि त्यांना वीज पुरविणारी यंत्रे किल्ल्यातच उभारण्यात आली. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास किल्ल्याचे मुख्य सामर्थ्य १५·२ सेंमी. (६ इंची) व्यासाच्या दोन तोफांत होते. जलद हालचाली करणाऱ्या लहान नौकांसाठी पाण्याच्या पातळीजवळ लहान द्रुतगती तोफा होत्या. पहिल्या साठ वर्षांत शत्रूची एकही युद्धनौका सिलोसोच्या टप्प्यात आली नाही. तटवर्ती किल्ल्याचे यश अशा शांततेतच मोजावयाचे असते. कारण शत्रूला हल्ल्यापासून परावृत्त करणे हेच त्याचे प्रमुख कार्य होय.

नाविक तळ व संरक्षणाचे गृहीतक : पहिल्या महायुद्धानंतर जपान हा पूर्वेकडील संभाव्य शत्रू मानला जाऊ लागला. पूर्वेत कायमचे मोठे आरमार ठेवणे ब्रिटनला परवडणारे नव्हते. म्हणून सिंगापूरच्या उत्तर किनाऱ्यावर सेंबावांग येथे एक भव्य नाविक तळ बांधावा आणि युद्धप्रसंगी यूरोपातून आरमार तेथे धाडावे, असे धोरण १९२० नंतर आखण्यात आले. फेब्रुवारी १९३८ मध्ये या तळावरील मोठ्या गोदीचे औपचारिक उद्‌घाटन झाले. आरमार येईपर्यंत बेट टिकवून धरणे हे तटवर्ती तोफखान्याचे काम होते. त्यासाठी लागणाऱ्या अवधीचा मूळ अंदाज सु. सहा आठवड्यांचा होता. तो वाढत जाऊन अखेरीस कित्येक महिन्यांवर गेला.

या योजनेनुसार पूर्वेकडील चांगी व दक्षिणेकडील फेबर अशा दोन विभागांत तटवर्ती तोफांची मांडणी करण्यात आली. सिलोसो व लॅब्राडोर हे मोर्चे फेबर विभागात होते. जोहोर व बुओना व्हिस्टा या मोर्च्यांवर मिळून ३८·१ सेंमी. (१५ इंची) व्यासाच्या पाच प्रचंड तोफा होत्या. सिंगापूर हा ‘अभेद्य किल्ला’ आहे, हा समज वृत्तपत्रे व सरकारी प्रचार यांतून पसरला, तो मुख्यतः या तोफांमुळे.

तथापि लष्करातील जाणकारांना दुसरी बाजू अगदीच अज्ञात नव्हती. मलायातील सेनापती विल्यम डॉबी व त्यांचे प्रमुख कार्याधिकारी आर्थर पर्सिव्हल यांनी १९३७–३८ मध्येच असा निष्कर्ष काढला होता, की शत्रू मलाया द्वीपकल्पाच्या ईशान्य किनाऱ्यावर, तेही ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या काळात, उतरू शकेल आणि जमिनीवरून दक्षिणेकडे चालून येऊ शकेल. मात्र त्यावर पुरेशी कार्यवाही झाली नाही. जानेवारी १९४२ मध्ये, जपानी सैन्य दक्षिणेकडे वेगाने सरकत असताना, बेटाच्या उत्तर बाजूस कायमस्वरूपी संरक्षणबांधणी नसल्याचे सेनापती वेव्हेल यांनी पंतप्रधान चर्चिल यांना कळविले.

सिंगापूरचे पतन : ८ डिसेंबर १९४१ रोजी जपानी सैन्य मलायाच्या ईशान्येस कोटा बारू येथे उतरले. तेथील किनाऱ्याचा बचाव हिंदी पायदळाकडे होता. १० डिसेंबर रोजी ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ व ‘रिपल्स’ या दोन मोठ्या ब्रिटिश युद्धनौका जपानी विमानांनी बुडविल्या. ज्या आरमाराच्या भरवशावर संपूर्ण योजना उभी होती, त्याचा आधार या एका दिवसात नाहीसा झाला. ३१ जानेवारी १९४२ रोजी उरलेले सैन्य बेटावर परतले व द्वीपकल्पाशी जोडणाऱ्या सेतूचा काही भाग उडवून देण्यात आला. ८ फेब्रुवारीच्या रात्री यामाशिता यांच्या नेतृत्वाखालील जपानी तुकड्या वायव्य किनाऱ्यावर उतरल्या आणि एका आठवड्यात त्यांनी शहर व पाणीपुरवठ्याचे जलाशय धोक्यात आणले. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी पर्सिव्हल यांनी बुकित तिमाह येथील फोर्ड मोटार कारखान्यात शरणागतीवर स्वाक्षरी केली. सिंगापूर येथे सु. ८०,००० सैनिक जपान्यांच्या हाती लागले. ब्रिटिश लष्करी इतिहासातील ही सर्वांत मोठी शरणागती होय.

या आठवड्यात सिलोसोच्या तोफा स्वस्थ नव्हत्या. त्या वळवून जपानी सैन्याच्या ताब्यात गेलेल्या टेंगाह विमानतळाच्या व पासीर पांजांगच्या रोखाने डागण्यात आल्या. पासीर पांजांगच्या टेकड्यांवर १३ व १४ फेब्रुवारी रोजी मलाया रेजिमेंटच्या सैनिकांनी निकराची लढाई दिली. या लढाईत लेफ्टनंट अदनान सैदी यांना वीरमरण आले. कॅनॉट व जोहोर येथील मोठ्या तोफांनीही जमिनीकडे मारा केला. शरणागतीपूर्वी या तोफा शत्रूच्या उपयोगी पडू नयेत, म्हणून निकामी करण्यात आल्या.

‘चुकीच्या दिशेच्या तोफा’ : वरील घटनांवरून ही प्रसिद्ध समजूत कितपत ग्राह्य आहे, हे ठरविता येते. तोफांची तोंडे समुद्राकडे होती, यात वावगे काहीच नव्हते. समुद्रमार्गे येणाऱ्या शत्रूला रोखणे हेच त्यांचे विहित कार्य होते आणि ते त्यांनी पार पाडले. जपानी आरमाराने दक्षिणेकडून बंदरावर चाल केली नाही, याचे एक कारण या तोफाच होत. शिवाय बुओना व्हिस्टासारखे काही मोर्चे वगळता अनेक तोफा जमिनीकडे वळविता येत होत्या व त्या वळविण्यात आल्या.

खरी अडचण वेगळी होती. युद्धनौकेचे चिलखत भेदणारा गोळा जाड पोलादी कवचाचा असतो. त्यात स्फोटक द्रव्य थोडे असते व पोलाद भेदून आत गेल्यावर तो फुटावा, अशी त्याची योजना असते. असा गोळा मऊ दलदलीत वा रबराच्या मळ्यात पडल्यास खोल रुतून बसतो आणि विखुरलेल्या पायदळाची त्यामुळे फारशी हानी होत नाही. पायदळाविरुद्ध उपयुक्त ठरणारे अतिस्फोटक गोळे मोठ्या तोफांसाठी जवळजवळ नव्हतेच व मध्यम तोफांसाठी अत्यल्प होते. तटवर्ती तोफांची नेम धरण्याची यंत्रणा समुद्रावर दिसणाऱ्या लक्ष्याच्या हिशेबाने बसविलेली होती. टेकड्यांपलीकडील न दिसणाऱ्या लक्ष्यावर मारा करण्यासाठी पुढे जाऊन सूचना देणारे निरीक्षक व विश्वसनीय संपर्कव्यवस्था आवश्यक असते. तिचा अभाव होता. त्यातच आकाशावर जपानी विमानांचे प्रभुत्व होते.

यावरून असे दिसून येते, की दोष तोफांच्या दिशेत नसून ज्या गृहीतकावर त्या बसविल्या गेल्या त्यात होता. दोन महासागरांवर एकाच वेळी युद्ध उद्‌भवल्यास पाठविण्यास आरमारच उरणार नाही, ही शक्यता धोरणकर्त्यांनी पुरेशी लक्षात घेतली नाही. आणि आरमार नसल्यास मलायाचे रक्षण विमाने, रणगाडे व प्रशिक्षित पायदळ यांनीच होऊ शकते, हे ठाऊक असूनही ती साधने पुरविली नाहीत. किनाऱ्यावरील किल्ला समुद्राकडून अजिंक्य असला, तरी पाठीमागची भूमी हातची गेल्यास तो टिकत नाही, हा अनुभव नवा नव्हता. १७५६ मध्ये विजयदुर्गावर इंग्रजांच्या युद्धनौका समुद्रातून भडिमार करीत असताना क्लाइव्हने जमिनीच्या बाजूस सैन्य उतरविले होते. चुकीच्या दिशेच्या तोफांची कथा सोपी व चटकदार असल्याने टिकून राहिली. परंतु तिच्यामुळे दोष निर्जीव पोलादावर जातो आणि निर्णय घेणारी माणसे त्यातून सुटतात.

जपानी अंमल : शरणागतीनंतर जपानी सैन्याने १८ फेब्रुवारीपासून मार्चच्या प्रारंभापर्यंत सिंगापूरमधील चिनी पुरुषांची झडती घेऊन संशयितांची सामूहिक हत्या केली. ही घटना ‘सूक चिंग’ या नावाने ओळखली जाते. मृतांच्या संख्येबाबत एकमत नाही. जपानी बाजूने ती काही हजार, तर चिनी समाजाकडून सु. ५०,००० पर्यंत सांगितली जाते. समुद्रात नेऊन गोळ्या घातलेल्यांपैकी अनेकांची प्रेते ब्लाकांग मातीच्या किनाऱ्याला लागली. बेटावर कैदेत जाण्याची वाट पाहणाऱ्या ब्रिटिश तोफचींनी सु. ३०० प्रेतांना मूठमाती दिली. पुढे बेटावर ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन युद्धकैद्यांची छावणी होती व त्यांच्याकडून जपानी सैन्यासाठी हमालीची कामे करून घेतली जात.

हिंदी सैनिकांचा इतिहास या घटनांशी निकटपणे जोडलेला आहे. सिंगापूरच्या शिबंदीत हिंदी पलटणी प्रथमपासून होत्या. हाँगकाँग–सिंगापूर तोफखान्यातील जवानांची भरतीही हिंदुस्थानातच होई. १५ फेब्रुवारी १९१५ रोजी पाचव्या लाइट इन्फन्ट्रीच्या शिपायांनी येथे बंड केले व त्यानंतर ४७ जणांना देहान्ताची शिक्षा देण्यात आली. बरोबर सत्तावीस वर्षांनी त्याच तारखेस सिंगापूर पडले. दोनच दिवसांनंतर फॅरर पार्क मैदानावर हजारो हिंदी युद्धकैदी जपान्यांच्या स्वाधीन करण्यात आले आणि कॅप्टन मोहनसिंग यांनी त्यांना स्वातंत्र्यासाठी सैन्य उभारण्याचे आवाहन केले. त्यातून आझाद हिंद फौज निर्माण झाली. सुभाषचंद्र बोस यांनी जुलै १९४३ मध्ये सिंगापूर येथेच तिची सूत्रे हाती घेतली व २१ ऑक्टोबर १९४३ रोजी तेथे आझाद हिंदचे हंगामी सरकार घोषित केले. सावंतवाडी परिसरातील जगन्नाथराव भोसले हे या फौजेतील एक प्रमुख सेनाधिकारी होते. अनेक हिंदी युद्धकैदी मात्र फौजेत सामील झाले नाहीत व त्यांनी बंदिवासातील हालअपेष्टा सोसल्या. सिंगापूरच्या समुद्रकिनाऱ्यावर जुलै १९४५ मध्ये पायाभरणी झालेले फौजेचे स्मारक ब्रिटिशांनी परत येताच पाडून टाकले; त्या जागी १९९५ मध्ये स्मृतिचिन्ह उभारण्यात आले.

किल्ल्याचे संग्रहालय : सप्टेंबर १९४५ मध्ये ब्रिटिश सत्ता परतली; परंतु विमाने व क्षेपणास्त्रे यांच्या युगात तटवर्ती तोफखाना निरुपयोगी ठरू लागला होता. १९५६ मध्ये ब्रिटनने स्वतःचा तटवर्ती तोफखाना मोडीत काढला. इंडोनेशियाने मलेशियाविरुद्ध चालविलेल्या संघर्षाच्या काळात (१९६३–६६) घातपात टाळण्यासाठी ब्लाकांग मातीवर गुरखा पलटणींचा पहारा होता. सिंगापूर १९६५ मध्ये स्वतंत्र झाले व १९६७ मध्ये किल्ला त्याच्या स्वाधीन करण्यात आला. १९७२ मध्ये सेंटोसा विकास मंडळ स्थापन होऊन बेटाचे पर्यटनकेंद्र बनविण्याचे काम सुरू झाले. ब्लाकांग मातीवरील इतर मोर्चे झाडीत लुप्त होत असताना सिलोसो सुस्थितीत राहिला, तो या नव्या उपयोगामुळे.

संग्रहालयात सतराव्या शतकापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंतच्या तोफा मांडलेल्या असून त्यांतील अनेक सिंगापूरच्या अन्य भागांतून आणलेल्या आहेत. तोफांचे चौथरे, दारूगोळ्याची कोठारे, भुयारे व टेहळणीचे मनोरे पाहावयास मिळतात. १९४२ मधील ब्रिटिशांची आणि १२ सप्टेंबर १९४५ रोजीची जपान्यांची अशा दोन्ही शरणागतींचे प्रसंग मेणाच्या पुतळ्यांच्या साहाय्याने दाखविले आहेत. २०१५ मध्ये झाडांच्या शेंड्यांवरून किल्ल्याकडे नेणारा १८१ मी. लांबीचा उन्नत पादचारी मार्ग बांधण्यात आला.

नवस्वतंत्र राष्ट्राने परकीय सत्तेचा किल्ला जतन का करावा, या प्रश्नाचे उत्तर १९४२ च्या अनुभवात सापडते. ज्यांनी रक्षणाची हमी दिली होती, ते ती पाळू शकले नाहीत आणि त्याची किंमत स्थानिक प्रजेला मोजावी लागली, हा धडा सिंगापूरच्या राज्यकर्त्यांनी मनावर घेतला. १९६७ मध्ये सक्तीची लष्करी सेवा सुरू झाली आणि पुढे १५ फेब्रुवारी हा दिवस ‘सर्वांगीण संरक्षण दिन’ म्हणून पाळण्यात येऊ लागला. युद्धकाळात बळी पडलेल्या नागरिकांच्या स्मारकाचे अनावरणही १५ फेब्रुवारी १९६७ रोजीच झाले होते.

मात्र अशा संग्रहालयांत स्मृतींची निवड अपरिहार्यपणे होते. सिंगापूरच्या जुन्या फोर्ड कारखान्यातील दालनाला २०१७ मध्ये जपानी अमलातील शहराचे ‘स्योनान’ हे नाव दिले असता जनतेने तीव्र नापसंती व्यक्त केली व ते दोन दिवसांत मागे घ्यावे लागले. हाँगकाँगमधील लेई यू मुन या ब्रिटिश किल्ल्यात २००० मध्ये उघडलेल्या तटसंरक्षण संग्रहालयाच्या नावात २०२४ मध्ये जपानविरोधी प्रतिकारयुद्धाचा समावेश करण्यात आला. चिनी, मलायी, हिंदी, ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन अशा भिन्न समाजांना त्याच आठवड्याची आठवण वेगवेगळ्या कारणांनी राहिली आहे. कोणाला तो विश्वासघात वाटतो, कोणाला पराक्रम, कोणाला निखळ शोक, तर कोणाला स्वातंत्र्यलढ्याचा आरंभ. सिलोसोच्या तोफांची दिशा प्रत्यक्ष पाहता येते, म्हणून तेथे आख्यायिकेस आळा बसतो. परंतु ज्यांची प्रेते त्या बेटाच्या किनाऱ्याला लागली आणि जे हजारो हिंदी शिपाई परक्यांच्या युद्धात बंदी झाले, त्यांचा इतिहास तोफांच्या प्रदर्शनातून आपोआप कळत नाही. तो समजून घेतल्यावरच या किल्ल्याचे पूर्ण मोल ध्यानात येते.